घड्याळ माझ्या हातात होतं

"दोन घड्याळं होती, तिथेच सगळा घोळ झाला," मिसेस हॅस्किन म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पाव ठेवला. "या वेळी घड्याळ एकच असेल. आणि ते तुझ्या हातात असेल."

घास माझ्या तोंडातच राहिला.

"माझ्या हातात?"

"तुला घड्याळ कळतं ना, अ‍ॅडम?"

"घड्याळ कळतं. फुटबॉल कळत नाही."

"फारच छान. ज्यांना तो कळतो त्यांनीच या दोन गावांचं वाटोळं केलं आहे."

ही १९०८ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. माझं खरं नाव आदगोंडा मगदूम, पण ते त्या मुलखात कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून मी अ‍ॅडम झालो होतो. शिरोळकडच्या उसाच्या पट्ट्यातला मी, संस्थानच्या शिष्यवृत्तीवर दुग्धशास्त्र शिकायला अमेरिकेला गेलो होतो. शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी मला आयोवा राज्यातल्या एका लोण्याच्या कारखान्यावर धाडण्यात आलं. कारखान्याच्या पूर्वेला पाच मैलांवर फेअरहेवन, पश्चिमेला पाच मैलांवर मिलब्रुक. दोन्ही गावांत एकेक लहानसं कॉलेज होतं, आणि दोन्ही कॉलेजांचा जन्म जणू एकमेकांना फुटबॉलमध्ये हरवण्यासाठीच झाला होता.

मिसेस हॅस्किनचं घर कारखान्याला लागूनच होतं. मी त्यांच्याकडे राहायला आणि जेवायला होतो. बाई सत्तरीच्या, ताठ कण्याच्या, विधवा. मी मांस खात नाही हे कळल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी कपाळाला हात लावला होता. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुला भोपळ्याचा पाय करून घालते." माझा चेहरा पडलेला पाहून त्या गोंधळल्या. पाय म्हणजे तिकडचं एक गोड पक्वान्न, हे मला ताट समोर आल्यावर समजलं. पुढे माझ्यासाठी त्यात अंडं घालायचं त्यांनी सोडून दिलं.

या दोन कॉलेजांचं वैर मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. पहिला सामना १८८९ साली झाला. फेअरहेवनला चेंडू लाथेने मारायचा होता, मिलब्रुकला तो बगलेत धरून पळायचं होतं. तेव्हा नियम धड ठरलेलेच नव्हते. शेवटी अर्धा खेळ यांच्या पद्धतीने, अर्धा त्यांच्या पद्धतीने असं ठरलं. आपापल्या अर्ध्यात दोघेही जिंकले आणि दोन्ही गावांनी विजयाच्या मिरवणुका काढल्या. पुढे मिलब्रुकने मिशीत पांढरे केस असलेला एक विद्यार्थी मैदानात उतरवला. तो शेजारच्या तालुक्यातला लोहार निघाला. फेअरहेवननेही मग धर्मशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक धिप्पाड गडी आणला. प्रार्थनेच्या वेळी टोपी काढायची असते हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.

"इथवर सगळं गमतीचं होतं," मिसेस हॅस्किन म्हणायच्या. "मग १९०१ साल आलं."

त्या साली वेळ मोजायला दोन माणसं होती. फेअरहेवनकडून तिथले लॅटिनचे प्राध्यापक हायरम हॅस्किन, मिलब्रुककडून तिथले डॉक्टर एझ्रा हॅस्किन. दोघे सख्खे भाऊ, मिसेस हॅस्किनची मुलं. फेअरहेवन सहा-पाच असं पुढे होतं. हायरमच्या घड्याळाप्रमाणे खेळ संपला. एझ्राच्या घड्याळाप्रमाणे चाळीस सेकंद उरले होते, आणि त्या चाळीस सेकंदांत मिलब्रुकने आणखी पाच गुण मिळवले. फेअरहेवनच्या वाचनालयाच्या भिंतीवर 'सहा-पाच' कोरलं गेलं, मिलब्रुकच्या व्यायामशाळेच्या भिंतीवर 'दहा-सहा'. त्यानंतर सात वर्षं सामना झाला नाही. आणि सात वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही.

थँक्सगिव्हिंग हा तिकडचा सुगीनंतरचा सण. घरातली सगळी माणसं एका टेबलाशी बसून देवाचे आभार मानतात. हायरम बायकोमुलांना घेऊन दुपारी यायचा आणि चारला निघून जायचा. सहाला एझ्रा त्याच्या बायकोमुलींना घेऊन यायचा. त्या सात वर्षांत चुलत भावंडांनी एकमेकांना पाहिलंदेखील नव्हतं.

"एकाच दिवशी मी देवाचे दोनदा आभार मानते," त्या म्हणायच्या. "देवही कंटाळला असेल."

त्या वर्षी दोन्ही कॉलेजांच्या अध्यक्षांनी समेट करायचं ठरवलं. थँक्सगिव्हिंगच्या सकाळीच सामना, कारखान्यामागच्या सपाट कुरणावर, म्हणजे कुणाच्याच गावात नाही. पंच दूरच्या शहरातून येणार होता. पण वेळ कोण मोजणार, यावर तीन बैठका मोडल्या. दहा मैलांत असा एकही माणूस नव्हता की ज्याचा मुलगा, जावई नाही तर मेहुणा यांपैकी एका कॉलेजात नव्हता. तेव्हा मिसेस हॅस्किननी माझं नाव सुचवलं आणि ते दोन्ही बाजूंना तत्काळ पटलं.

पटण्याचं कारण दूध. दोन्हीकडचे शेतकरी कारखान्यावर दूध घालायचे आणि त्यात साय किती आहे हे मी सगळ्यांदेखत काचेच्या बाटलीत तपासायचो. माझ्या आधीचा माणूस मिलब्रुकचा जावई होता, म्हणून फेअरहेवनवाले त्याच्या नावाने खडे फोडायचे. मी आल्यावर महिन्याभरात मिसेस हॅस्किनच्याच गायीचं दूध पातळ निघालं आणि तसं मी चारचौघांत सांगितलं. बाईंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. पण ती बातमी दोन्ही गावांत पोचली. ज्या घरी जेवतो त्या घरच्या दुधालाही हा सोडत नाही!

दोघे भाऊ माझी पारख करायला आले, अर्थात वेगवेगळ्या दिवशी.

प्राध्यापक हायरम उंच, किडकिडीत, बोलताना चष्मा पुसणारे. "मिस्टर मॅगडम, मला कसलीही मेहेरबानी नको. फक्त न्याय हवा."

"मिळेल," मी म्हणालो.

डॉक्टर एझ्रा गोल, तांबूस, सतत घाईत. त्यांनी आधी माझी जीभ पाहिली, मग म्हणाले, "प्रकृती उत्तम आहे. हे बघा, माझा भाऊ तुम्हाला भेटून गेला असणार. तो काय म्हणाला ते मला ऐकायचं नाही. मला फक्त न्याय हवा."

"तेही हेच म्हणाले."

त्यांनी तोंड वाकडं केलं. आपलं आणि भावाचं मत जुळलेलं त्यांना रुचलं नाही.

घड्याळ रेल्वे जंक्शनच्या स्टेशनमास्तरचं ठरलं. ते रोज तारेवरून येणाऱ्या वेळेशी जुळवलं जायचं, त्यामुळे त्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. वेळ संपल्याची खूण म्हणून एक शाळेची पितळी घंटा मिळाली. नियम पंचाने मला दोनदा समजावला. खेळाडू रांगेत उभे राहिले, पण चेंडू मागे सरकवून डाव सुरू व्हायच्या आत वेळ संपली, तर घंटा वाजवायची आणि तो डाव नाही. डाव एकदा सुरू झाला की मात्र तो पुरा होऊ द्यायचा.

सामन्याच्या आदल्या दिवशी वॉल्टर आला. हा हायरमचा थोरला मुलगा, वीस वर्षांचा, फेअरहेवनचा कप्तान. दर रविवारी आजीला भेटायला यायचा. त्या परक्या मुलखात माझा म्हणावा असा तोच एक दोस्त होता. गोठलेल्या तळ्यावर घसरायला त्यानेच मला शिकवलं होतं आणि मी पडलो की तोही मुद्दाम पडायचा, मला एकटं वाटू नये म्हणून.

"उद्या हरलो तर बाबा घरात पाय ठेवू देणार नाहीत," तो हसत म्हणाला. मग हसू आवरून म्हणाला, "अ‍ॅडम, माझ्याकडे बघू नकोस. घड्याळाकडे बघ."

सामन्याच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं, पण आठवडाभर बर्फ वितळून कुरणाचा चिखल झालेला. चार हजार माणसं जमली होती. पूर्वेकडे लाल फिती, पश्चिमेकडे निळ्या. दोन्हीकडून आरोळ्या उठत होत्या. तेव्हाचे खेळाडू डोक्याला मार लागू नये म्हणून केस वाढवायचे आणि नाकावर रबरी टोपण बांधायचे. अकरा-अकरा जणांच्या दोन भिंती एकमेकींवर आदळत आणि सगळे एका ढिगात कोसळत. ढीग उपसला की तळाशी चेंडू आणि त्याला कवटाळून बसलेला एक माणूस सापडे. दोन हात पुढे, तीन हात मागे, असं ते चाललं होतं. तीस मिनिटांचा पहिला अर्धा संपत आला तरी कुणाचाही गुण झाला नव्हता.

आणि मग फेअरहेवनवाले सरकत सरकत मिलब्रुकच्या रेषेपासून दोन यार्डांवर येऊन पोचले; चेंडू घेऊन ती रेषा ओलांडली की पाच गुण. लाल बाजूला कानठळ्या बसवणारा गजर उठला. वॉल्टर चिखलाने माखलेला, रांगेमागे उभा राहून डावाचे खुणेचे आकडे ओरडत होता. माझ्या हातात घड्याळ. पाच सेकंद उरले. चार. आकडे ओरडणं काही संपेना. दोन. एक.

खरं सांगतो, माझा हात जागच्या जागी थबकला. एकच सेकंद जाऊ दिला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. वॉल्टर चेंडू मागणार, भिंत पुढे रेटणार, पाच गुण होणार. मी घंटा वाजवली. ती वाजल्यावर चेंडू हलला. लाल भिंत रेषा ओलांडून पलीकडे कोसळली. पंचाने दोन्ही हात हलवले. डाव नाही.

पूर्वेकडचा गजर क्षणात शिव्यांचा झाला. मध्यंतरात प्राध्यापक हायरम माझ्यापुढे येऊन चष्मा न पुसता म्हणाले, "ही लूट आहे." निळ्या बाजूकडून माझ्या नावाचा जयघोष झाला. पुढच्या तासाभरात तो जयघोष किती टिकणार आहे हे मला कुठे माहीत होतं?

दुसऱ्या अर्ध्याचे शेवटचे वीस सेकंद उरले होते तेव्हा मिलब्रुकचा लाथ मारणारा गडी खांबांसमोर, पंधरा यार्डांवर उभा होता. चेंडू खांबांमधून गेला की चार गुण आणि सामना खिशात. पण पायाखाली चिखल. त्याने बुटाची टाच खरवडली, जागा बदलली, पुन्हा खरवडली. निळी बाजू श्वास रोखून बघत होती. डॉक्टर एझ्रा बाजूच्या दोरीवर अर्धे लोंबकळत ओरडले, "मार की लेका! मार!"

तो बूट पुसत होता. मी घंटा वाजवली. मग चेंडू मागे गेला, मग त्याने लाथ मारली, आणि ती लाथ इतकी सुंदर होती की आजही डोळ्यांपुढे आहे. चेंडू खांबांच्या अगदी मधून गेला. मोजला गेला नाही. सामना शून्य-शून्य.

आता दोन्ही बाजूंना मी नकोसा झालो होतो. पंचाने मला खांद्याला धरून कुंपणापर्यंत आणलं. वॉल्टर चिखलातून धावत आला.

"अ‍ॅडम, दोन्ही वेळा बरोबर वाजवलीस?"

"बरोबर."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि घरापर्यंत माझ्या बरोबरीने चालला. मागून कुणी चिखलाचा गोळा मारला तो त्याच्याच पाठीत बसला.

मिसेस हॅस्किननी दार उघडलं. आत टेबल मांडलेलं होतं, चौदा माणसांचं. त्या वर्षी दोन्ही मुलांना त्यांनी एकच निरोप धाडला होता. कंबर दुखते, स्वयंपाक एकदाच होईल, तीन वाजता. ज्याला यायचं तो येईल. कोण येणार याची त्यांना खात्री नव्हती. पण मी कोट काढतो न काढतो तोच पुढच्या दाराने डॉक्टर एझ्रा आत घुसले.

"आई, हा माणूस तुझ्या घरात राहतो? या माणसाने आज..."

मागच्या दाराने प्राध्यापक हायरम आत आले. "आई, या माणसाने आज दिवसाढवळ्या..."

दोघे थांबले. सात वर्षांनी दोघे एका छताखाली उभे होते आणि दोघांचं बोट माझ्याकडे होतं.

एझ्रा भिंतीकडे बघत म्हणाले, "पहिल्या अर्ध्यातली घंटासुद्धा लवकरच वाजली होती. मी मिलब्रुकचा असून सांगतो."

हायरमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि ती शेवटची लाथ," ते म्हणाले, "मी आयुष्यात इतकी सरळ लाथ पाहिली नाही. तो गुण तुमचा होता, एझ्रा."

"आणि तो पहिला तुमचा होता!"

"घड्याळ बरोबर होतं," मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा!" दोघे एका आवाजात ओरडले.

मग हायरमनी घड्याळ तपासायची कल्पना काढली. एझ्रांची घोडागाडी दारात होतीच. दोघे शेजारी-शेजारी बसून माझ्या हातातलं घड्याळ घेऊन जंक्शनला गेले. मिसेस हॅस्किन खिडकीत उभ्या राहून गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या. तोवर दोन्ही सुना मुलांना घेऊन आल्या. पहिल्यांदा मुलं भिंतीला चिकटून उभी राहिली. मग एझ्रांच्या धाकट्या मुलीने वॉल्टरला विचारलं, "तुझ्या नाकावर ते काय बांधलंय?" तो गुडघ्यावर बसला आणि रबरी टोपण सोडून तिच्या नाकावर बांधू लागला.

तासाभराने भाऊ परतले. घड्याळ तारेवरच्या वेळेशी सेकंदाला जुळलं होतं.

"म्हणजे घड्याळ बरोबर आहे," एझ्रा म्हणाले.

"याचा अर्थ माणूस चुकला," हायरमनी निष्कर्ष काढला.

"माणूसही बरोबर आहे," मी म्हणालो. माझं रक्तही तापलं होतं. "दोन्ही वेळा चेंडू हलायच्या आत काटा पोचला होता. पुन्हा विचारलंत तरी हेच सांगेन."

"किती हटवादी आहे हा!" हायरम भावाला म्हणाले.

"मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं," एझ्रा म्हणाले. "जीभ बघूनच."

"टर्की गार होतेय," मिसेस हॅस्किन टेबलावरच्या भाजलेल्या पक्ष्याकडे बोट दाखवत म्हणाल्या.

दोघांना माझ्या समोरच बसायचं होतं, माझ्यावर नीट रागावता यावं म्हणून. त्यामुळे ते एकमेकांच्या शेजारी बसले. प्रार्थना हायरमनी म्हटली. धान्याबद्दल, आरोग्याबद्दल, आईबद्दल आभार मानून झाल्यावर ते म्हणाले, "आणि ज्यांच्या हातून चुका होतात पण ज्यांना त्या कबूल करता येत नाहीत, त्यांना हे प्रभो, क्षमा कर." एझ्रांनी इतक्या मोठ्याने 'आमेन' म्हटलं की पाण्याचा पेला हलला. मी मका, घेवडा आणि पाव खाल्ला आणि भोपळ्याच्या पायाचे तीन तुकडे. जेवणभर त्या दोघांनी माझ्याबद्दलच चर्चा केली. मध्येच कधीतरी ती बापाच्या आठवणींवर गेली, मग लहानपणी नदीत बुडालेल्या होडीवर, मग दोघे हसू लागले. माझ्याकडे लक्ष गेलं की परत रागावत.

सगळे बाहेरच्या खोलीत गेल्यावर मी मिसेस हॅस्किनना ताटं पुसायला मदत करू लागलो.

"स्टेशनमास्तर वेळ मोजायला स्वतःहून तयार होता," त्या अचानक म्हणाल्या. "मीच नको म्हटलं."

"का? तो तर दोघांनाही चालला असता."

"चालला असता. भला माणूस आहे. कुणी डोळे वटारले की विरघळतो. एकीकडे विरघळला असता तर दुसरीकडे आणखी सात वर्षं गेली असती." त्यांनी एक ताट उजेडात धरून पाहिलं. "मला न विरघळणारा माणूस हवा होता. माझ्या गायीच्या दुधाच्या वेळी तो सापडला."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. "म्हणजे हे दोघे माझ्यावर चिडणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"कुणावर तरी चिडणार हे माहीत होतं. हॅस्किन आहेत ते. सात वर्षं त्यांच्याकडे चिडायला एकमेकांशिवाय दुसरं कुणी नव्हतं." मग त्या पहिल्यांदाच जरा ओशाळल्या. "तुला आधी सांगायला हवं होतं. रागावलास?"

क्षणभर रागावलो होतो. चार हजार माणसांच्या शिव्या मी खाल्ल्या होत्या. पण बाहेरच्या खोलीतून एझ्रांचा आवाज आला, "हायरम, तुला सांगतो, त्या माणसाचा काटा..." आणि हायरमचं हसू आलं, जाड, खोल, घरभर पसरणारं. ते हसू मी त्यापूर्वी ऐकलंच नव्हतं. बाईंनी ताट छातीशी धरलं आणि त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. मी परत फडकं उचललं.

पंधरा दिवसांनी एक लांबट लिफाफा आला. दोन्ही कॉलेजांनी मिळून केलेल्या एका ठरावाची प्रत होती. यापुढे सामना दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सकाळी त्याच कुरणावर होईल, आणि मिस्टर मॅगडम यांना वेळ मोजण्याच्या कामी पुन्हा कधीही नेमण्यात येणार नाही. खाली दोन सह्या होत्या, हायरम हॅस्किन आणि एझ्रा हॅस्किन, एकाच शाईने, एकाच ओळीत.

मिसेस हॅस्किननी तो ठराव मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला. मग चष्मा लावून स्वतः शेवटची ओळ वाचली. तिथे लिहिलं होतं की दोन्ही कॉलेजांच्या सामन्यांच्या एकोणीस वर्षांच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव आहे.